वेलतोड

कूप नंबर एकोणचाळीस, पिपरटोल्याच्या मागं.
बापानं तिथं बावीस हिवाळे वेली तोडल्या.
हजेरीबुकात कामाचं नावच तसं: वेलतोड.
सागाच्या गळ्यातला फास आहे हा, निकुरे गार्ड म्हणायचे,
आणि कोयत्याची धार नखावर बघायचे.

माहूल म्हणजे काही काकडीचा वेल नाही.
मांडीएवढं खोड, चपटं, पीळ पडलेलं,
चार झाडांच्या खांद्यांवरून
पाचव्याच्या घरी जाणारं.
पान गाईच्या खुरासारखं मधोमध दुभंगलेलं;
चार टाचली की एका माणसाचं जेवण.

घाव बसला तरी ती लगेच मरत नाही.
वर आठवडाभर हिरवीच असते.
एवढ्या उंच निरोप जायला वेळ लागतो.

संध्याकाळी बाप तिचीच साल सोलून आणायचा.
नाल्यात भिजवायचा, मांडीवर दोर वळायचा.
त्या दोरानं गोऱ्हा बांधला, आईनं शिंकं केलं,
माझा पाळणाही.
"तोडनारा मीच, वळनाराबी मीच,"
असं एकदाच म्हणाला होता लालसू हिचामी,
मग मांडीवरचे केस उपटल्यासारखं तोंड करून गप्प.

आता नवे साहेब येतात, मोबाईलमध्ये जंगलाचा नकाशा.
माहूल कुठं शिल्लक आहे, दाखवता का?
गावात कुणालाच नीट सांगता येईना.
लग्नात पत्रावळी चंदेरी कागदाच्या,
दोर निळा, प्लास्टिकचा, आठवडी बाजारातला.
सगळे बापाकडं बघायला लागले.
तोडणाऱ्यालाच जागा पाठ असतात.

तो पुढं, आम्ही मागं.
"इथं एक होती. इथं दोन.
त्या दगडापाशी माहूल नोती, चिलाटी होती."
सरळ रांगेत उभे साग, खाली दुसरं काहीच नाही.
एका बुंध्यावर अजून तिच्या पिळाची खाच.
बापानं तीत बोट ठेवलं आणि वरपर्यंत बघत गेला.
साहेबांनी फोटो काढला. कशाचा, कोण जाणे.

जिवंत अशी एकच, नाल्यापलीकडं, कड्यावर.
"हिला काहून सोडलं?"
"कोयता पोचला नाही."

तिथून आणलेली शेंग आढ्याला टांगली होती.
चैतातल्या एका रात्री फाट्कन फुटली.
कुत्रं भुंकलं, बिया भांड्यांवर वाजल्या.
आईनं टॉर्च लावून सात वेचल्या
आणि सवयीनं चुलीकडं वळली.
अंधारातून बाप म्हणाला,
"भाजू नोको."