पाच चेहरे

सोहारच्या दवाखान्याबाहेर सेहेचाळीस डिग्री,
आत मला स्वेटर लागतो.
टोकन त्र्याऐंशी. अठ्ठाविसावा आठवडा.

नर्स शम्सा जेलची बाटली आधी
आपल्याच तळव्यांत धरून बसते थोडा वेळ,
मग विचारते, बारिद?
थंड नाही, मी मान हलवते.
यंत्र पोटावर टेकलं की दोघीही गप्प:
खटखट खटखट खटखट,
रात्रपाळीचा माग चालावा तसा
इचलकरंजीत, आमच्या भिंतीपलीकडे.

आई नववा लागेस्तोवर कांड्या भरायची.
तपासणी म्हणजे भागाक्काचा हात
आणि "हाय, जित्तं हाय" एवढाच रिपोर्ट.
समाधान झालं का, असं तिला कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर म्हणाली असती,
ते राहू दे, सूत तुटलंय तिकडं.

निघताना दाराशी टॅबलेट.
पाच चेहरे, हसऱ्या हिरव्यापासून रडक्या लालपर्यंत.
किती थांबावं लागलं? स्वच्छता कशी होती?
डॉक्टरांनी नीट समजावलं का?
डॉक्टर इतिदाल सुदानच्या. साखर वाढली म्हणाल्या,
मग बोटाने हवेत चपात्या काढल्या, गोल गोल,
आणि तीनातली एक पुसून टाकली.
हे कुठल्या रकान्यात?

बोट हिरव्यावर जातच होतं

तेवढ्यात काउंटरवर ती.
नाव दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा आणखी हळू,
वेंकटलक्ष्मी.
कार्ड? नाही.
पासपोर्ट? मॅडमकडे.
नवरा?
ती काचेकडे बघत राहिली.
ओढणीखाली सहा तरी महिने असतील.
यंत्रातून तिच्यासाठी चिठ्ठी काही आली नाही.

शम्सा बाहेर आली, काहीच न बोलता
तिला पडद्यामागे घेऊन गेली,
जिथे ती स्वतः दुपारी खजूर खाते त्या खुर्चीवर.
दंडाला पट्टा. फुस्स, फुस्स.
मग माझ्यापुढे हात केला: कागद?
माझ्याकडे टोकनच होतं.
त्र्याऐंशीच्या पाठीवर तिने लिहिलं,
एकशे पन्नास, खाली शंभर,
आणि डॉक्टरांच्या दाराकडे जवळजवळ पळाली.

मी पुन्हा टॅबलेटपुढे.
चेहरे गेले होते. पडद्यावर एकच ओळ:
आपण अजून इथे आहात का?

आतून एक लाथ बसली.
हाय, म्हटलं मी.
आणि पडद्याकडे बघत
तिथल्याच बाकावर बसले.