तिळाएवढं

लश्करात आज तिसरा दिवस, सूर्य निघाला नाही.
सकाळचे साडेसहा. माझी बोटं
बाजारातल्या थंड गाजरांसारखी.
हे पलंगाच्या कडेला बसलेत यंत्र घेऊन,
चष्मा कपाळावर, आणि चष्मा शोधताहेत.

डॉक्टर शुक्लांनी सांगितलंय, उपाशीपोटी,
आठवड्यातून तीनदा, वहीत लिहायचं.
वही माझीच, मापांची.
एका पानावर तोमरांच्या सुनेची छाती, कंबर, बाही,
समोरच्या पानावर माझी साखर.

टक्.
काही नाही.
बोटावर नुसता एक अनुस्वार, कोरडा.
"दाबा," मी म्हणते.
"दाबायचं नसतं," हे म्हणतात,
"कंपाउंडर म्हणाला होता, अंगातलं पाणी मिसळतं,"
आणि दाबतात.
आलं ते पट्टीच्या ओठालाही पुरलं नाही.
यंत्रानं चूक दाखवली, मग गप्प.
बावीस रुपये.

चाळीस वर्षं सुई या बोटांत घुसते आहे.
तेव्हा हेच रक्त केवढं तत्पर!
पांढऱ्या अस्तरावर, लग्नाच्या आदल्या रात्री,
गिऱ्हाईक दारात उभं असताना.
मी बोट तोंडात घालायची
आणि थुंकीनं डाग काढत बसायची.
ज्याचं रक्त त्याच्याच थुंकीनं निघतं,
शिवण शिकवताना आत्याबाईंनी सांगितलेलं पहिलं वाक्य.
चाळीस वर्षं त्याला आत हो, आत हो म्हटलं,
आता एका सकाळी ये बाहेर म्हणते.
कसं येईल बिचारं.

मग तांब्याभर कोमट पाणी. हात बुडवून ठेवला,
पुसला, खाली सोडून झुलवला
शाळेतल्या कवायतीसारखा.
करंगळीशेजारचं बोट, मधोमध नाही, कडेला,
जिथं माझी सुई सहसा पोचली नाही.
यांनी बोटावरून एकदा आपला अंगठा फिरवला,
देवाच्या टाकावरून फिरवावा तसा.
टक्.

आलं.
आधी टाचणीचं डोकं, मग तिळाएवढं,
मग थोडं आणखी गोल, डगमगतं.
पट्टीनं घटकन पिऊन टाकलं.
पाच, चार, तीन, दोन.

तीनशे अकरा.

यांचा चेहरा उतरला.
मी मनात काल रात्र चाचपली:
एक भाकरी, मेथी, बिनसाखरेचं दूध अर्धा कप.
कुठून आलं एवढं गोड माझ्यात?
यांनी माझा हात सोडला नव्हता.
इतक्या जवळून तेव्हा मला दिसला
यांच्या मिशीत, डावीकडे,
एक तीळ.

संक्रांतीला अजून बारा दिवस.
मागच्या वर्षी यांनीच म्हटलं होतं,
तू सोडलंस ते मीही सोडलं,
आणि तेव्हापासून फिका चहा
तोंड वाकडं न करता पितात, माझ्यासमोर.

"हात दाखवा."
"कशाला?"
"दाखवा."
नखांत भुगा. मुरैन्याची गजक, खस्ता,
बोट लावलं की विरघळणारी.
एक तीळ सात जणांनी वाटून खावा म्हणतात.
यांनी साताही जणांचा वाटा एकट्यानं,
अंधारात, रजाईखाली,
मी न्हाणीघरात असताना.

चारही हात धुतले मी, साबण लावून,
धुतले तसे कोरडेही केले.
यांनी मुकाट्यानं पुढं केले, मुलासारखे.
तिसरी पट्टी. सहासष्ट रुपये.
एकशे एकोणचाळीस.

वहीत लिहिलं. तीनशे अकराही खोडलं नाही,
त्याच्यापुढं लिहिलं: यांची.
डॉक्टर विचारतील तेव्हा यांनीच सांगावं.

आणि आता, काम झाल्यावर,
रक्त थांबेना.
पानावर पडला एक ठिपका,
तोमरांच्या सुनेच्या बाहीवर, साडेदहा इंच.
सवयीनं बोट तोंडात घातलं
आणि तसंच, बोबडं, म्हटलं,
"डबा आणा इकडे.
बघू तरी किती उरलीय."