तीन दशांश

एल आल्तोत हवाच कमी.
मेणबत्तीसुद्धा इथं विचार करून जळते.
समुद्राकडून आलेली गाडी पहिल्याच चढाला खोकते,
काळा धूर ओकते,
मग कुणीतरी तिला ढकलत आणतं
दोन्या फोर्तुनाताच्या शटरपाशी.

दोन्या आधी काहीच विचारत नाहीत.
फिल्टर काढून ठेवतात,
शालीच्या काठाचा एक धागा ओढतात
आणि कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरतात,
नाकाला सूत धरावं तसा.
धागा आत ओढला गेला की म्हणतात,
जगेल. जेवण जास्त होतंय याला, श्वास कमी.

त्या जूनमध्ये शर्यतीला आठवडा होता
आणि टेबलावर दोन कार्ब्युरेटर.

एक त्यांचा. भंगारातून उचललेला, दोन बॅरलचा.
जेटची भोकं बुजवलेली, पुन्हा पाडलेली,
सुईएवढ्या ड्रिलनं, रविवारी, दिव्याखाली.
एकाही जेटवर आकडा नाही.
आकडे त्यांच्या बोटांत.

दुसरा इकीकेहून, पुठ्ठ्याच्या खोक्यात.
घशाला आरशासारखं पॉलिश,
प्रत्येक जेटवर कोरलेला नंबर,
सोबत तक्ता: इतकी उंची, इतका जेट.
पाठवणारा एफ्राइन.
चार वर्षं त्यानं इथंच फ्लोट चेंबर धुतले होते पेट्रोलनं,
हाताची सालं निघेपर्यंत.

गाडी एकच. ड्रायव्हर एकच, वेन्सेस्लाओ,
त्याला दुपारचं जेवूही दिलं नाही, वजन बदलेल म्हणून.
चढ एकच, लामांच्या गोठ्यापासून
खिंडीतल्या दगडांच्या राशीपर्यंत.
खाली दिवा लुकलुकला की घड्याळ सुरू.
घड्याळ माझ्या हातात.

आधी इकीकेचा.
एक मिनिट, एकोणीस, चार.

मग तिथंच, वाऱ्यात, पाना, गॅस्केट, गोठलेली बोटं,
आणि दोन्यांचा.
मिक्स्चरचा स्क्रू दीड आटा उघडला,
कान लावून उभ्या राहिल्या,
पाव आटा परत घेतला.
मीठ जास्त पडलं की हाताला आधी कळतं, तसं.

गाडी वर येऊ लागली. ओळखीचा घोगरा आवाज,
मध्ये ती एक जागा, जिथं तो दरवेळी अडखळतो
आणि सावरतो.
राशीपाशी पोचायच्या आतच
माझा अंगठा बटणावर पडला.
एकोणीस, एक, म्हणालो.

दोन्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.
दरीकडे पाहत म्हणाल्या,
तिसऱ्या गिअरला वेळ लागला त्याला, मी ऐकलंय.
मापात पाप नको, पोरा. पुन्हा.

पुन्हा.
एकोणीस, सात.

तीन दशांश.
एवढ्यात पापणी एकदा मिटते, उघडते.

शटरवर त्यांनी खडूनं दोन्ही आकडे लिहिले,
एफ्राइनचा वर,
येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा.
वेन्सेस्लाओला म्हणाल्या, तोच लाव. सकाळी घेऊन जा.
खाली युंगासात उतरशील तेव्हा मोठा जेट घाल,
तेवढं लिहायचं राहिलंय तक्त्यात त्याच्या.

मला वाटलं, निदान घड्याळ तरी काढून घेतील.

रात्री शटर अर्धं खाली.
इकीकेचा कार्ब्युरेटर उलगडून मांडलेला, फडक्यावर.
दोन्यांनी बॅटरी घशात धरली,
करंगळी आत फिरवली, थांबवली.
दुसऱ्या बॅरलच्या काठाला, आमचा अडखळतो नेमका तिथं,
कानशीनं काढलेला एक उतार,
नखाला लागेल न लागेल एवढा.

हे मी त्याला सांगितलं होतं, म्हणाल्या.
करू नकोस म्हणून.

बराच वेळ करंगळी तिथंच होती.
मग मला म्हणाल्या,
कानस दे. बारीकवाली.