तिसरा पर्याय

मे अर्धा सरला तरी
सुपिरिअरच्या काठाला बर्फाची पापडी होती.
बाबा बर्फ ढकलायचा ट्रक धुऊन आले, या साली शेवटचा,
आणि मी जेवणाच्या टेबलावर
लॅपटॉप उघडून वसतिगृहांपुढे बसलेली.
पसंतीक्रम लिहा, एक ते तीन.

मार्टिनेक हॉल: नवा, लिफ्ट, दोघींत एक न्हाणीघर.
भाडं वाचून बाबांनी चष्मा काढून पुसला,
पुन्हा घातला, आकडा तोच.
ड्रेसलर हॉल: रात्री दहानंतर कुजबुजसुद्धा नाही.
कोप हाऊस: जुन्या विटा,
फोटो एकच, तोही झाडाआडून.
"झाड बरं आहे," बाबा म्हणाले.
कोपचं नाव मी तिसऱ्या रकान्यात टाकलं,
येणार नाही हे ठाऊक असलेल्या नातेवाइकाला
लग्नाची पत्रिका टाकतात तसं.

मग विज्ञान. एक विषय, प्रयोगशाळेसह.
रसायनशास्त्र घेतलं की डॉक्टरकीचं दार
किलकिलं राहतं, असं शाळेतल्या योकेलाबाई म्हणायच्या.
भूशास्त्र घेतलं तर
पणजोबा तांब्याच्या खाणीत दिवसभर जे फोडायचे
त्याचं नाव तरी कळेल.
मी रसायन लिहिलं. खोडलं. भूशास्त्र लिहिलं.
पडद्यावर खोडल्याचा व्रण राहत नाही.

जुलैत उत्तर आलं.
कोप हाऊस, तळघर, खोली सात.
भूशास्त्र: जागा संपल्या.
रसायनशास्त्र: जागा संपल्या.
मृदाशास्त्र, सोमवार-बुधवार, सकाळी आठ.
"म्हणजे माती?"
"माती."
बाबा हसले नाहीत, त्यांचे खांदे हसले.
"मातीसाठी चारशे मैल, इर्या?"

पदरी पडलं आणि पवित्र झालं, म्हणायला काय जातं.
आधी ते तीन बॅगा आणि एका गादीसकट
जिना उतरून खाली न्यावं लागतं.

खोलीत होदान आधीच आलेली, मिनियापोलिसहून.
तिचीही पहिली पसंती मार्टिनेक.
तिच्या आईने छताला टेकलेली खिडकी पाहिली,
जिच्यातून फक्त जाणाऱ्यांचे बूट दिसतात,
आणि सोमालीत बराच वेळ काहीतरी बोलली.
होदानने मला सांगितलं, "आई म्हणते, छान आहे."

रात्री पाइप खोकायचे.
आम्ही बुटांना नावं दिली,
आणि मग नावं ठेवलीही:
पिवळी लेस कायम उशिरा,
फाटकी टाच कुणाची तरी वाट बघते, रोज,
आणि ज्याची बघते ते बूट आम्ही कधी पाहिले नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात प्राध्यापक वेंझेलबाईंनी
ताटल्या फिरवल्या, चिठ्ठी नसलेल्या.
"थोडं पाणी घ्या, मळा,
अंगठ्याने सरकवत पट्टी काढा,
तुटेल तिथे मोजा."
शेजारच्या मुलाची लगेच तुटली, नुसती वाळू.
माझी तुटेना.
तांबडी, थंड, हट्टी. दीड इंच. दोन. सव्वादोन.
"ही सरोवराकाठची," मी न विचारता बोलून गेले,
"बुटाची निघत नाही, एप्रिलमध्ये ट्रक गिळते."
सगळा वर्ग वळला. माझे कान तापले.
"चिकणमाती किती टक्के?" बाईंनी एवढंच विचारलं.
ते मला आलं नाही.

"दहापैकी सहा," रात्री फोनवर सांगितलं.
बाबा थांबले. "तीच ना, ट्रक गिळणारी?
मला तिने सहाशे डॉलरला बुडवलं होतं.
तुला निदान गुण दिले."
नखांतली तांबूस रेघ मी दोन दिवस तशीच ठेवली,
कुणी विचारलं असतं तर म्हणाले असते, वेळ नाही मिळाला.

आता नोव्हेंबर. पुढच्या सत्राचा फॉर्म उघडलाय.
मार्टिनेकमध्ये एक खोली रिकामी, दोघींची.
रसायनशास्त्र: अकरा जागा.
बाहेर बर्फ खिडकीच्या अर्ध्यापर्यंत आलाय,
बूट घोट्यापासून वरच दिसतात.
मी रकान्यावर बोट ठेवून बसलेय.
अकराच्या दहा झाल्या.
होदान पलंगावरूनच म्हणाली,
"अगं, पिवळी लेस! आज चक्क वेळेवर."