पाच आणि सहाच्या मधे

संध्याकाळी पाच ते सहा
माथाडी कार्डावर सवलत असते.
म्हणून त्या वेळेला आले सर्जेराव शेलार, वय छप्पन्न,
कांदा-बटाटा मार्केट, तुर्भे.
मागोमाग त्यांची तेजल, वय सव्वीस,
ऐरोलीच्या कुठल्याशा कंपनीत दहा तास स्क्रीनपुढे.
दोघांच्या चिठ्ठ्या एकाच डॉक्टरच्या,
दोन्हींवर तेच: मान, बाजूनं.
"एकातच होतील का?" त्यांनी विचारलं,
जणू गोण्या दोन नि हमाली एक.

कोपरखैरण्याच्या ह्या तळमजल्यावर
सोळा वर्षं मी माणसं बाजूनं बघतेय.
समोरून सगळे चेहरा सावरून घेतात.
मानेचा कुणाला सावरता येत नाही.

साखळी काढा. बटण सोडा.
खांदे खाली सोडा.
हे सर्जेरावांना काही केल्या जमेना.
मग दिल्या दोन्ही हातांत वाळूच्या पिशव्या;
खांदे उतरावेत म्हणून
आम्ही वजनच देतो.
ते हसले. "इथंही ओझंच का, ताई?"
आता हसू नका.
श्वास रोखा.

एक्स-रेत गादी दिसत नाही,
दिसते ती फक्त गादीची जागा.
सर्जेरावांची पाचव्या-सहाव्या मणक्यामधली जागा
बोटाच्या नखाएवढीसुद्धा उरली नव्हती,
कडांना हाडाच्या चोची फुटलेल्या.
आणि तरी मानेचा बाक शाबूत!
आमच्या दिवाळ्याच्या खाडीत
ओहोटीला कलंडलेल्या होडीच्या कण्यासारखा.
तेजलच्या सगळ्या जागा मोकळ्या,
पण मान फूटपट्टी,
चौथ्यापाशी तर किंचित उलटी वळलेली.

मी दोन्ही फिल्मांवरची नावं पुन्हा तपासली.
वयं पण.

डॉक्टर म्हणतात, बाक गेला की भार पुढे सरकतो,
गादीची पुढची कड दबते, झीज तिथून.
त्यांचेच सर म्हणायचे, उलटं आहे,
आधी गादी बसते, मग बाक जातो.
आणि सोमवारी येणारे डॉक्टर म्हणतात,
दुखणारा माणूस फोटोपुरता ताठ उभा राहतो,
त्यावरून काही धरू नका.
मला फक्त मोजायचं असतं.
दुसऱ्या मणक्याच्या तळाशी एक रेघ,
सातव्याच्या तळाशी एक,
दोघींमधला कोन.
बाप एकोणतीस अंश.
मुलगी दोन.
आधी काय बिघडलं, ते कोनात लिहिलेलं नसतं.

आई पाटी घेऊन बेलापूरच्या बाजारात बसायची.
चुंबळ चपटी झाली की
जुन्या लुगड्याची पट्टी फाडायची,
मांडीवर पीळ घालायची,
नवी चुंबळ तयार.
आतल्या चुंबळींना कुठलं लुगडं!
हे मी पेशंटला सांगत नाही.
शिशाचा एप्रन रोज माझ्याच गळ्यात असतो
आणि माझा फोटो मी अजून काढलेला नाही.

बाहेर बाकावर तेजल
मोबाईलवर मान मोडून बसलेली.
मला वाटलं, हेच ते.
पाकीट द्यायला गेले तेव्हा दिसलं,
बोर्डाच्या दवाखान्याचा फॉर्म भरत होती,
सर्जेरावांचा.
त्यांना ती अक्षरं लागत नाहीत.
"वारसदार कोण लिहू?" तिनं वर न बघता विचारलं.
"तूच की," ते म्हणाले,
मग रिपोर्टचं पाकीट उजेडाकडे धरून
बराच वेळ बघत राहिले.
"ह्यातली माझी कुठली?"
मी दाखवली.
"आणि ही सरळ?"
मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली,
"माझी."
त्यांनी आपल्या खांद्यावरचा टॉवेल काढला,
पुन्हा तसाच टाकला.

सहा वाजले. सवलत संपली.
पुढच्या पेशंटसाठी वाळूच्या पिशव्या उचलायला वाकले
तर त्या जागेवर नव्हत्या.
भिंतीलगत, दाराआड, पायात येणार नाहीत अशा,
मधल्या शिवणीला शिवण जुळवून
सर्जेरावांनी
दोनच पिशव्यांची
थप्पी लावून ठेवली होती.