मान आडवी

बाटल्या भरायचं यंत्र बंद, रविवार.
वेलिन म्हणाला, चल, आईच्या गावी जाऊन येऊ,
संध्याकाळी परत.
प्लोव्दिव मागं पडलं तशी ओपेल खोकू लागली,
आणि नदी कधी डावीकडे, कधी उजवीकडे,
जणू वाट तीच चुकली होती.

एकोणीस वळणं मोजली.
मग पोटानं ऐकलं नाही.

पहिल्या गावात नुसतं पाणी प्यायलो.
दगडी पन्हळ, साखळीला बांधलेला पत्र्याचा पेला,
वर कोरलेलं एक नाव, दोन साल.
मुलगा अकाली गेला, बापानं वाटसरूंसाठी पाणी आणलं,
वेलिननं वाचून दाखवलं
आणि रेडिएटरसाठी डबा भरून घेतला.

दुसऱ्या गावात छपरं दगडी पाट्यांची,
शाळेला कुलूप.
घंटा होत्या त्या शेळ्यांच्या गळ्यात,
लहानमोठ्या, आपापसांत सूर ठरवून आलेल्या.
दारोदार कागद चिकटवलेले, फोटोसकट.
मी विचारलं, निवडणूक आहे का?
उमेदवार सगळे म्हातारेच कसे?
वेलिन हसला, मग हसू गिळून म्हणाला,
गेलेली माणसं आहेत ती.
चाळीस दिवसांनी एक कागद, सहा महिन्यांनी एक,
मग वर्षाच्या वर्षाला.

शेजारच्या स्तामेनाबाईंच्या दारावर पाच.
पाचही एकाच माणसाचे, टोपी तीच,
तोच अर्धवट मिटलेला डोळा.
तो होता तेवढाच राहिला होता,
म्हातारे होत होते ते कागद.

आत चुलीवर किसलेल्या बटाट्याचं जाडसर काहीतरी,
कांदा, पुदिना; आपण थालीपीठच म्हणू.
अजून वाढू? त्यांनी हातानं विचारलं.
मी मान हलवली, नको.
त्यांनी वाढलं.
पुन्हा हलवली, पुन्हा वाढलं.
तिसऱ्यांदा वेलिनला दया आली.
इथं होकाराला मान आडवी, म्हणाला, नकाराला उभी.
स्तामेनाबाई पदर नसलेल्या तोंडावर
हात धरून हसल्या.

तो गाडीखाली शिरला तेव्हा
आम्ही दोघंच ओट्यावर, भाषेशिवाय.
मी एक बोट वर केलं, घराकडे दाखवलं:
एकट्याच?
त्यांनी मान उभी हलवली, एकदाच, ठामपणे,
आणि काठीनं कोंबडी हाकलली.
मला वाईट वाटलं.
वाईट वाटणं किती सोपं असतं पाहुण्याला.

निघताना डोंगरी चहाची जुडी दिली,
लाल लोकरीनं बांधलेली.

उतारावर वळणं उलटी मोजत होतो,
चौदा, तेरा, बारा,
आणि बाराव्यावर ती मान आठवली.
उभी.

वेलिन, जरा थांबव, म्हणालो.
का, मळमळतंय?
मी मान हलवली.
कशी हलवली, आता नीट आठवत नाही,
पण त्यानं गाडी थांबवली.