घणप्पाचा पहिला अंक

घणप्पा उडत नाही. आधीच सांगतो.
शंभरपानी वहीत, निळ्या नि लाल बॉलपेननं
मी त्याला काढला, जिंतूरच्या झेरॉक्सच्या दुकानात,
लाइट गेलेल्या दुपारी.
तो दगडाला कान लावतो, शीर ऐकतो,
एकच घाव, आणि डोंगर बाजूला सरतो.

गल्लीतली पोरं विचारतात, पण हा आला कुठून?
बाकीचे फुटक्या ग्रहावरून येतात,
नाहीतर त्यांना काहीतरी चावतं.

म्हणून पैठणला गेलो, तिरमलकाकाकडे.
काका म्हणाला, कुठून म्हणजे? उगवतीकडून.
निजामसागरच्या भिंतीवर तुझा पणजा, यल्लप्पा.
भिंत संपली, गाढवं हाकली.
येलदरीला आजा. तिथं तुझा बाप जन्मला,
खडीच्या ढिगाआड, जेवणाच्या सुट्टीत.
मग इथं, नाथसागर.
पाणी शेवटी उगवतीला जातं, लेका.
आपण त्याच्या तोंडावर मावळतीला चालत आलो,
थांबलो तिथं त्याला अडवलं.

मी चौकटी आखल्या.
पहिलीत गाढव, पाठीवर पाटे-वरवंटे, मागं आजी सायम्मा,
डोक्यावर टोपलं, टोपल्यात घणप्पाचा बाप.
दुसरीत तेच सगळं, फक्त गाढव म्हातारं.
तिसरीत धरण. निळं पेन इथंच संपलं,
उरलेलं पाणी लाल काढावं लागलं.

आणि शक्ती, काका? वीज पडली का कुणावर?
काका हसला, होते तेवढे दात दाखवत.
शक्ती कसली रे. मुकादमाच्या पोटातलं ऐकू यायला लागलं
की दगडाच्या पोटातलंही येतं.
तुझी आजी मात्र घण उचलण्याआधी दगडाशी बोलायची,
आपल्या भाषेत.
काय, ते नाही आठवत. 'रायी' एवढंच.
रायी म्हणजे दगड.
पुढचं येलदरीला राहिलं असेल.

रेशनच्या अर्जात एक रकाना असतो, मूळ गाव.
बाप तिथं कधी पैठण लिहायचा, कधी जिंतूर.
एकदा साहेबानंच 'फिरस्ते' लिहून शिक्का मारला.

शेवटच्या चौकटीत घणप्पा वाकलाय,
कान दगडावर, ओठ उघडे.
तोंडाजवळ मोठ्ठा फुगा काढलाय,
आत 'रायी',
आणि पुढं बरीच जागा.

मशीनवर कागद ठेवताना मालक विचारतो,
इथं शाई उठली नाही का?
मी म्हणतो, वीस प्रती काढा.